मागच्या टाचेतला ठोसा

‘बॉक्सर घडवता येतो, ठोसा मात्र जन्माला यावा लागतो’ हे वाक्य बॉक्सिंगच्या जगात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पुराव्यादाखल अर्नी शेव्हर्स आहेच. या अमेरिकन हेवीवेटने ग्लोव्ह्ज चढवले ते थेट बाविसाव्या वर्षी. तरी व्यावसायिक कारकिर्दीत 74 विजय आणि त्यांतले 68 नॉकआउटने! दम बेताचा, पण उजवा हात असा की 1979 मध्ये विश्वविजेता लॅरी होम्स सातव्या राउंडमध्ये आडवा झाला. होम्स उठला आणि अकराव्या राउंडमध्ये लढत जिंकून गेला, हा पुढचा भाग मात्र पुरावा देणारे सहसा सांगत नाहीत.

उपजत देणगी खोटी नाही. स्नायूंचे तंतू ढोबळमानाने दोन जातींचे. एक सावकाश आकुंचन पावणारे, तासन्‌तास न थकणारे. दुसरे झटक्यात जोर लावून लवकर दमणारे. ठोशाला दुसऱ्या जातीचे तंतू लागतात. सिमोनो आणि बुशार या संशोधकांनी 1995 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, तंतूंच्या प्रमाणात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे 45 टक्के आनुवंशिक असतो. एसीटीएन-3 हे जनुकही याच वेगवान तंतूंशी जोडलेलं आहे. गालातून बोळा फिरवून तुमचं मूल कोणत्या खेळात चमकेल हे सांगणाऱ्या चाचण्या या जनुकाच्या जोरावर विकल्या जातात. त्या पैशांत बरे ग्लोव्ह्ज येतील, असं माझं मत आहे.

कारण उरलेला हिशेब जिममध्ये उघड्या डोळ्यांनी दिसतो. नवख्याला हेवी बॅगवर उजवा क्रॉस मारायला सांगावं आणि त्याच्या हाताकडे न बघता मागच्या पायाकडे बघावं. टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा ताठ, कंबर वळलीच तर हात सुटून गेल्यावर. बॅग नुसती ढकलली जाते आणि झोके घेत बसते. मुरलेल्या बॉक्सरची टाच आधी सुटते आणि बाहेर फिरते, मग कंबर, मग खांदा, मूठ सगळ्यात शेवटी. बॅग फारशी हलत नाही. जिथे ठोसा बसला तिथे दुमडते, आणि वरची साखळी खडखडते.

1985 मध्ये सोव्हिएत संशोधक फिलिमोनोव्ह आणि सहकाऱ्यांनी 120 बॉक्सरांचे ठोसे तपासून हेच आकड्यांत मांडलं. वरच्या दर्जाच्या बॉक्सरांमध्ये ठोशाच्या जोरात पायांचा वाटा 38 टक्क्यांच्या आसपास निघाला, खालच्या दर्जात जेमतेम 16-17 टक्के. तिथे बहुतेक काम हात आणि धड करत होतं. आणखी एक गोष्ट शिकावी लागते, ती म्हणजे सैल पडणं. कॅनडाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी 2010 मध्ये कसलेल्या मिश्र मार्शल आर्ट्स खेळाडूंच्या स्नायूंची नोंद घेतली. सुरुवातीला स्नायू ताठरतात, मधल्या वाटेत सैलावतात आणि फटका बसताना पुन्हा आवळले जातात. नवखा पहिल्यापासून शेवटपर्यंत मूठ आवळून असतो, त्यामुळे त्याचे स्वतःचेच स्नायू त्याला मागे खेचतात.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. टॉमी हर्न्सचे पाय दिसले ते डेट्रॉइटच्या क्रॉन्क जिमच्या उकडत्या तळघरात. 6 फूट 1 इंच उंचीचा हा काटकुळा पोरगा हौशी बॉक्सिंगमध्ये शंभराहून जास्त लढती जिंकला. त्यांत नॉकआउट जेमतेम डझनभर. गुणांवर जिंकणारा, हलक्या हाताचा, अशीच त्याची नोंद होती. प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्ड यांनी त्याला पाय रोवून, अंगाचं वजन मागे घालून मारायला लावलं. व्यावसायिक झाल्यावर त्याने पहिल्या 17 लढती नॉकआउटने जिंकल्या. 1980 मध्ये पिपिनो कुएव्हासला दुसऱ्याच राउंडमध्ये संपवून तो विश्वविजेता झाला, आणि 1984 मध्ये रॉबेर्तो डुरान त्याच्या उजव्या हाताने तोंडावर आपटला.

लांब हात, अरुंद कंबर हे सगळं त्याला जन्मतःच मिळालं होतं. तरी अठराव्या वर्षी कुणी त्याच्यावर शिक्का मारायचा तर ‘याच्यात ठोसा नाही’ असाच मारला असता. माझी तक्रार इथेच आहे. हौशी बॉक्सिंगमध्ये कित्येक वर्षं, 1992 ते 2012 च्या ऑलिंपिकमध्ये तर कॉम्प्युटरवर, प्रतिस्पर्ध्याला खाली पाडणाऱ्या ठोशालाही एकच गुण होता. मग पोरांना वजन टाकायला शिकवणार कोण आणि कशासाठी? न शिकवलेली गोष्ट पुढे रक्तातच नव्हती म्हणून खपून जाते.

टायसन फ्युरीचंही नाव फसवण्यासाठी, निसटण्यासाठीच होतं. फेब्रुवारी 2020 मध्ये त्याची दुसऱ्यांदा गाठ पडली डिऑन्टे वाइल्डरशी. 42 विजय, 41 नॉकआउट! शेव्हर्सनंतर उपजत ठोशाचं एवढं बोलकं उदाहरण नव्हतं. या लढतीसाठी फ्युरीने प्रशिक्षक बदलला आणि इमॅन्युएल स्टुअर्ड यांचे पुतणे शुगरहिल यांच्याकडे गेला. 273 पौंड वजन घेऊन तो पुढे पुढे चालत राहिला, वाइल्डरला दोनदा पाडलं, आणि सातव्या राउंडमध्ये वाइल्डरच्या कोपऱ्यातून टॉवेल पडला. ऑक्टोबर 2021 च्या तिसऱ्या लढतीत वाइल्डरने चौथ्या राउंडमध्ये दोनदा परतफेड केली. फ्युरी दोन्ही वेळा उठला, आणि अकराव्या राउंडमध्ये त्याच्याच उजव्या हाताने वाइल्डर झोपला.