भरावाचा सांधा

२००३ च्या जुलैमधली गोष्ट. पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवर त्या उन्हाळ्यात मी एका घराची जागा सपाट करून दिली होती. जागा उताराची. वरचा अर्धा भाग खोदायचा, निघालेली माती खालच्या अर्ध्या भागात टाकायची, दाबायची, की जोते आणि अंगण तयार. आमच्याकडे बहुतेक घरांच्या जागा अशाच होतात. आठ दिवसांत काम आटोपले. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात चार दिवस पावसाने उसंत दिली नाही आणि पाचव्या दिवशी पहाटे ते अंगण, पडवीचे दोन खांब घेऊन, खालच्या भातखाचरात जाऊन बसले. घरातली माणसे आतल्या खोलीत झोपली होती म्हणून वाचली.

दुपारी मी तिथे पोहोचलो. खाचरात मातीचा ढीग आणि वर उघडा पडलेला मूळ उतार. त्या उतारावर गवत होते. पिवळे पडलेले, पण मुळासकट जागच्या जागी, चटई अंथरल्यासारखे आडवे. मे महिन्यात ज्या गवतावर मी डंपर रिकामे केले होते तेच हे गवत. बोट फिरवले तर शेवाळासारखे बुळबुळीत लागले. माझा सगळा भराव त्या चटईवरून घसरला होता. मुरूम चांगला होता, दाबलाही बरा होता. नव्या मातीचा जुन्या जमिनीशी सांधाच जुळलेला नव्हता.

तेव्हापासून मी कुठल्याही जागेवर गेलो की पहिल्यांदा तो सांधा शोधतो. डोंगरातही तसाच सांधा असतो. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला. वरचा दगड हजारो वर्षांच्या पावसाने कुजून त्याचा मुरूम आणि माती होते, खाली घट्ट काळा पाषाण तसाच राहतो. दोन थरांमध्ये कुठे गेरूसारखी लाल चिकण पट्टी असते. पाणी वरच्या मातीतून झिरपत खाली येते, पाषाणाशी किंवा त्या लाल पट्टीशी अडते आणि आडवे वाहू लागते. पावसाळ्यात दरडीतून जिथे उपळ, म्हणजे झरा, फुटते, तिथे हा सांधा आहे हे नक्की समजा. त्या सांध्याच्या रेषेखाली घर बांधणाऱ्याने तिला जन्मभर ओळखून राहायला हवे.

२५ आणि २६ जुलै २००५ ला महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते इथे डोंगर खाली आला. २२ जुलै २०२१ ला तळियेची कोंढाळकरवाडी गाडली गेली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या, आणि महाड शहर सावित्रीच्या पुरात होते, म्हणून मदत पोहोचायलाही रस्ता नव्हता. एवढा मोठा डोंगर कोणा एकाच्या अंगणामुळे सरकत नाही, आणि माझ्यासारख्या माणसाने भिंत बांधून तो थांबतही नाही. तिथे वस्ती हलवणे हाच उपाय. पण या मोठ्या दरडींच्या सावलीत दर पावसाळ्यात कितीतरी लहान दरडी पडतात. परसात, गोठ्यावर, न्हाणीघरावर. त्यांची बातमी होत नाही. त्यातल्या बऱ्याचशा आपण कुदळ आणि जेसीबीने स्वतः तयार केलेल्या असतात, आणि त्या आपल्याला टाळता येतात.

आता काम कसे करतो ते सांगतो. आधी गवत, मुळे, काळी कुजकी माती फूटभर खोलीपर्यंत पूर्ण काढायची. ती बाजूला रचून ठेवायची, शेवटी झाडे लावायला लागते. मग भरावाच्या पायथ्याशी घट्ट मुरूम लागेपर्यंत चर खोदायचा आणि तिथून वर उतारात मीटर-मीटर रुंदीच्या पायऱ्या कापायच्या, डोंगराच्या बाजूला किंचित झुकलेल्या. भराव त्या पायऱ्यांवर बसवायचा. मालकाला हे पटवणे सगळ्यात कठीण, कारण पायऱ्या नंतर दिसत नाहीत आणि पोकलेनचे तास मात्र वाढतात. मी त्यांना आपल्या जुन्या लोकांच्या दळ्या दाखवतो. नाचणी-वरीसाठी त्यांनी डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी बांधला आणि प्रत्येक पायरीला सुका दगडी बांध घातला. सिमेंटचा कण नाही. पाणी दगडांच्या फटींतून निघून जाते, माती मागे राहते. त्यातले कितीतरी बांध आजही उभे आहेत.

माती कोणती घ्यायची? आमच्या भागात भरावाला सगळ्यात विश्वासाचा म्हणजे कडक मुरूम, खडा आणि बारीक अशा दोन्ही कणांचा. खडे एकमेकांत अडकतात आणि बारीक माती फटी भरते. मऊ, पांढरट पडलेला मुरूम दिसायला तसाच, पण भिजला की लोण्यासारखा होतो. भातखाचराची चिकण माती उन्हात भेगाळते आणि पावसात फुगते, ती भरावाच्या पोटात नको. २०२१ च्या पुरानंतर सावित्रीतून काढलेला गाळ अनेकांना भरावासाठी हवासा वाटला. सपाट खोलगट जागेत तो चालेल, उताराच्या कडेला नाही. त्याचे कण बारीक आणि एकसारखे, वाहत्या पाण्याबरोबर निघून जायला तयार.

ओळखायला मोठी प्रयोगशाळा लागते असे नाही. काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. जोरात हलवायची आणि रात्रभर ठेवून द्यायची. सकाळी तळाला खडा आणि वाळू, त्यावर गाळ, वर चिकण, असे थर सरळ मोजता येतात. चिकणाचा थर जाड दिसला की ते डंपर मी परत पाठवतो. दुसरी परीक्षा ओलाव्याची. मूठभर माती घट्ट आवळायची. मूठ उघडल्यावर गोळा टिकला आणि कमरेच्या उंचीवरून सोडल्यावर दोन-तीन तुकडे झाले, तर दाबायला तो ओलावा बरोबर. भुगा झाला तर पाणी मारा, चपटा होऊन चिकटला तर दोन दिवस वाळू द्या. माझ्या तळहाताच्या रेषांत ती तांबडी माती आता कायमची आहे. मोठ्या भरावाला मात्र प्रयोगशाळेचा दाखला घ्याच, मूठ तिथे पुरत नाही.

भराव वीस-वीस सेंटिमीटरच्या थरांनी. प्रत्येक थर बेबी रोलरने, कोपऱ्यात धुम्मसाने दाबून मगच पुढचा. सहा फूट माती एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर वरचा वीतभर भाग घट्ट होतो आणि पोट सैल राहते. सैल मातीच्या एका ब्रासमध्ये हजार लिटरच्या आसपास पाणी मावू शकते, म्हणजे दर ब्रासमागे एक टन जादा वजन. तेच पाणी कणांना एकमेकांपासून दूर ढकलते, त्यामुळे वजन वाढते तेव्हाच मातीची पकड सुटते. म्हणून भरावाची बाहेरची बाजू मी एक फूट उंचीला दोन फूट आडवी, यापेक्षा उभी ठेवत नाही. अंगण तीन-चार फुटांनी लहान होते. होऊ दे.

पाण्याबद्दल मी फार हट्टी आहे. महाड-पोलादपुरात वर्षाला तीन हजार मिमीहून जास्त पाऊस पडतो. हजार चौरस फुटांचे छप्पर आणि एका दिवसात १०० मिमी पाऊस, एवढ्यावरच पागोळ्यांतून नऊ हजार लिटरहून अधिक पाणी पडते. ते भरावाच्या कडेला सोडलेले मी कितीदा पाहिले आहे! पन्हळ लावून ते पक्क्या गटारातून पऱ्ह्यापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, न्यायचे. घरामागच्या दरडीच्या वर आडवा चर हवा, म्हणजे डोंगराचे पाणी बाजूने वळेल. आणि शोषखड्डा भरावात कधीही नको. तो बारा महिने त्या मातीला आतून पाणी पाजत राहतो, पाऊस येतो तेव्हा ती आधीच भिजलेली असते.

मागच्या दरडीला भिंत घालायची तर भिंतीमागे डबर भरा आणि तिला पाणी जायला भोके ठेवा. एका घरी मी भिंत तपासायला गेलो तेव्हा भोके आतून सिमेंटने बुजवलेली होती, कारण त्यातून गढूळ पाणी येऊन परस खराब व्हायचा. भिंतीचे पोट बाहेर आले होते. आम्ही पहारीने भोके मोकळी केली, तेव्हा पाणी हातभर लांब उडाले.

सगळ्यात जास्त मला भीती वाटते ती पायथा कापण्याची. चारचाकी उभी करायला आणखी सहा फूट जागा हवी, म्हणून मागची दरड खालून कापतात, उभी, भिंतीसारखी. उन्हाळ्यात मुरूम कोरडा असतो, उभा राहतो, आणि त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. पायथ्यानेच तर वरचा सगळा उतार पेलून धरलेला असतो.

दरडीवर वाळा लावा. त्याची मुळे सरळ खाली खोल जातात आणि वरची माती शिवून धरतात. पण आत खोलवर सांधा सुटला असेल तर वाळाही काही करू शकत नाही. जमिनीला नवी भेग पडली, झाडे कलली, दारे चौकटीत अडू लागली, स्वच्छ उपळ अचानक गढूळ झाले, यांतले एक जरी दिसले तर त्याच दिवशी, उजेड असताना, माणसे आणि गुरे घेऊन बाहेर पडा आणि तलाठ्याला कळवा. भेगेत माती भरून रात्र काढू नका.

आणि उतारावर जागा घ्यायचा विचार असेल तर ती मे महिन्यात बघून बयाणा देऊ नका. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, पाऊस लागलेला असताना, चिखलात उतरून ती बघा. पाणी कुठून येते आणि कुठे जाते ते दोन तास उभे राहून पाहा. तरीही मन झाले, तर मग मला बोलवा.