जॅकचा भरंवसा

मोटारीचें तेल घरींच बदलण्याची हौस आम्हांस उतारवयांत लागली. परवां मागील चाकांस दगड लावून अंगणांतल्या फरशीवर मोटारीचें तोंड जॅकनें उचललें व खालीं शिरणार, तोंच सौभाग्यवतींनीं विचारलें, "अहो, हा बसला तर?" आम्ही हंसलों. जॅक आंतल्या तेलाच्या दाबावर तग धरतो आणि त्यांतील रबरी कडें झिजलें कीं दाब उतरतो, हें ठाऊक असूनही हंसलों! मात्र वाद नको म्हणून सांगाड्याखालीं दोन लोखंडी घोड्या दिल्या. मोटार त्यांवर टेकविण्याचा तेवढा आळस केला. तेल ठिबकत असतां मोटार एकाएकीं बोटभर खचली आणि घोड्यांवर थांबली. आमच्या नाकापासून इंजिन वीतभर दूर होतें. बाहेर येऊन चहा घेतला. सौभाग्यवतींस अद्याप कांहीं सांगितलेलें नाहीं.