मेनच्या अरण्यांतील मचाण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नकाशा उघडून ईशान्येच्या कोपऱ्यांत दृष्टि टाकली, तर कॅनडाच्या हद्दींत डोकें खुपसून बसलेलें एक संस्थान दिसतें. त्याचें नांव मेन. ह्या संस्थानाची शेंकडा नव्वदाच्या जवळपास भूमि अरण्यानें व्यापलेली असून, इतकें वनाच्छादित संस्थान त्या देशांत दुसरें नाहीं. पाइन, स्प्रूस व फर हे सदाहरित वृक्ष, त्यांच्यामध्यें पांढऱ्या सालीचे बर्च, आणि पावलोपावलीं लागणारीं सरोवरें व दलदली, असा हा प्रदेश आहे. ऑक्टोबरांत मेपलच्या पानांचा लाल-पिवळा सोहळा पाहण्यास प्रवासी लोटतात. परंतु नोव्हेंबर लागला कीं पानें गळून पडतात, प्रवासी परततात, आणि अरण्य पुन्हां गांवकऱ्यांचें होतें. हा महिना तेथें मृगयेचा.

मृगया हा शब्द वाचून आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें मी जाणतों. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचें युग संपलें, आणि मचाण उरलें तें प्राणी न्याहाळण्या-मोजण्यापुरतें. वैशाखी पौर्णिमेच्या रात्रीं मेळघाटांत किंवा ताडोबांत पाणवठ्याशेजारीं मचाणावर जागणाऱ्या हौशी मंडळींस उकाड्याचा व डांसांचा त्रास पुरेपूर ठाऊक असतो. थंडीनें पाय बधिर होणें ही गोष्ट त्यांच्या स्वप्नींही येत नाहीं. मेनच्या मचाणावर मात्र सारा प्रश्न पायांचा आहे. आणि हा प्रश्न केवळ शिकाऱ्याचा नसून, कडाक्याच्या थंडींत ज्याला ज्याला एका जागीं स्वस्थ राहावें लागतें त्या प्रत्येकाचा आहे. म्हणूनच त्याचा विचार येथें करावयाचा.

तेथील हंगामाची रीत पाहण्यासारखी आहे. सूर्योदयापूर्वीं अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास, एवढ्याच वेळांत हरणावर बंदूक चालवितां येते. रविवारीं शिकारीस साफ मनाई. माणसावर चुकून गोळी सुटूं नये म्हणून डोक्यावर व अंगावर भडक नारिंगी वस्त्र घालणें सक्तीचें आहे. हंगामाच्या आरंभीं गांवोगांव चर्चच्या किंवा सार्वजनिक सभागृहांत भल्या पहाटे शिकाऱ्यांसाठीं न्याहारी मांडलेली असते. घावनासारखे पॅनकेक आणि त्यांवर मेपलच्या रसाचा पाक! अंडें वर्ज्य न मानणाऱ्या पाहुण्याची तेथें उपासमार होत नाहीं. न्याहारी आटोपली कीं मंडळी अंधारांतच आपापल्या मचाणाकडे निघतात. हें मचाण म्हणजे बहुधा झाडास पट्ट्यांनीं जखडलेली लोखंडी शिडी आणि तिच्या माथ्यावर एक माणूस बसेल एवढी जाळीदार बैठक.

एका परिचित गृहस्थांबरोबर, बंदूक न घेतां, नुसता पाहणारा म्हणून मीं अशा दोन पहाटा काढल्या. पारा शून्याखालीं सहा अंश होता. पहिल्या अर्ध्या तासांत थंडी सुखाची वाटते. अंधार विरघळूं लागतो, एखादी तांबडी खार चिडून किटकिटते, चिकडी नांवाचा मुठीएवढा पक्षी अगदीं हाताशीं येऊन बसतो. तासाभरानें बोटांच्या टोकांस मुंग्या येतात. मग दुखूं लागतें. आणि त्यानंतर दुखणें थांबतें, हेंच सर्वांत वाईट लक्षण. कान झांकलेले, हात खिशांत, छाती उबदार, आणि तरीही पाय मात्र दगडासारखे!

असें कां होतें? शरीर थंडींत सांपडलें म्हणजे तें हृदय, फुफ्फुसें व मेंदू ह्यांची ऊब प्रथम सांभाळतें, आणि हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आंवळून धरतें. पाऊल हृदयापासून सर्वांत दूर. त्यास हालविणारे मोठे स्नायु पोटरींत, म्हणजे पावलाच्या स्वतःच्या अंगीं उष्णता निर्माण करण्याचें सामर्थ्य थोडें. चालणाऱ्यास हें जाणवत नाहीं. बसणाऱ्यास मात्र जाणवल्यावांचून राहत नाहीं. सर टॉमस लुइस ह्या ब्रिटिश वैद्यकशास्त्रज्ञानें १९३० सालीं दाखवून दिलें कीं, बर्फाच्या पाण्यांत बोट बुडविलें असतां त्याच्या रक्तवाहिन्या प्रथम मिटतात, पण कांहीं मिनिटांनीं थोड्या वेळापुरत्या उघडतात, पुन्हां मिटतात व पुन्हां उघडतात. निसर्गानें ठेवलेली ही दया खरी. परंतु सर्व शरीर गारठलें कीं ही क्रिया क्षीण होते. यास्तव पायांची ऊब हवी असेल त्यानें आधीं डोकें, मान व छाती झांकावी, हा तेथील जुन्या शिकाऱ्यांचा उपदेश शास्त्रासही धरून आहे.

दुसरा शत्रु थंडी नसून ओल आहे. पाणी हवेपेक्षां सुमारें पंचवीस पट वेगानें उष्णता वाहून नेतें. मचाणापर्यंतच्या वाटेंत जाड कपड्यांनीं घाम येतो, मोजे दमट होतात, आणि स्वस्थ बसतांच तोच घाम पायांस गारठवितो. पहिल्या महायुद्धांत खंदकांतील हजारों सैनिकांचे पाय नासले, ते नुसत्या बर्फानें नव्हे. गोठणबिंदूच्या वरच्या थंडींतही चिखलपाण्यांत दिवसेंदिवस राहिल्यानें. कोरडे मोजे वेळोवेळीं बदलणें हाच त्यावर सैन्यास सांपडलेला मुख्य उपाय होता.

ह्या ओलीनेंच मेनमधील एका दुकानदाराचें दैव उघडलें. फ्रीपोर्ट गांवचा लिऑन लिऑनवुड बीन १९११ सालीं शिकारीहून ओल्या व गारठलेल्या पायांनीं परतला. चामड्याचे बूट पाणी पितात आणि रबराचे जड असतात, हें पाहून त्यानें चांभाराकडून रबरी तळाला चामड्याचा वरचा भाग शिवून घेतला, आणि १९१२ पासून असे जोड टपालानें विकण्यास आरंभ केला. पहिल्या शंभर जोडांपैकीं नव्वद शिवण उसवल्यामुळें परत आले, असें सांगतात. त्यानें सर्वांचे पैसे परत केले, बूट सुधारला, आणि त्यावरच पुढें मोठी पेढी उभारली. फ्रीपोर्टचें तें दुकान १९५१ पासून रात्रंदिवस उघडें असतें, आणि दाराशीं बुटाची एक प्रचंड प्रतिकृति आहे. योगायोग असा कीं, कानांस ऊब देणाऱ्या कर्णटोपाचें १८७७ चें पेटंट घेणारा चेस्टर ग्रीनवुडही ह्याच संस्थानांतील फार्मिंग्टनचा!

आमचे यजमान काय करीत, तें सांगतों. वाटेंत अंगावर बेताचे कपडे ठेवून ते सावकाश चालत. मचाणाखालीं पोंचल्यावर मोजे काढून, पाय पुसून, पिशवींतले कोरडे लोंकरी मोजे घालीत. कारण लोंकर दमट झाली तरी बरीच ऊब राखते, आणि सुती मोजा भिजला कीं निरुपयोगी. बूट सैल असे. दोन जोड्या मोजे कोंबून बूट घट्ट केला तर रक्त अडतें, आणि ज्या हवेच्या थरानें ऊब टिकते तो थरही नाहींसा होतो, असें ते म्हणत. लोखंडी जाळीवर जुन्या गालिच्याचा तुकडा अंथरलेला असे. बसल्या बसल्या ते बुटांच्या आंतच बोटें हालवीत व पोटऱ्या आंवळीत. मद्यास ते शिवत नसत. मद्यानें त्वचेस ऊब भासते खरी, पण शरीराची आंतली उष्णता बाहेर निघून जाते.

ह्या साऱ्या खटाटोपाचें मोल दुसऱ्या दिवशीं मला कळलें. नऊच्या सुमारास फरच्या गर्दींतून एक हरीण पुढें आलें. मेनमध्यें निराळा परवाना नसल्यास मादी मारतां येत नाहीं, आणि नराचेंही शिंग निदान तीन इंच असावें लागतें. तें फांद्यांआड असल्यानें डोकें स्पष्ट दिसेना. यजमान हलले नाहींत. पांच मिनिटें, दहा मिनिटें. बुटाचा लोखंडावर आवाज नाहीं, बंदुकीस हात नाहीं. शेवटीं तें उघड्यावर आलें. ती मादी होती. ती सावकाश चरत निघून गेली. खालीं उतरल्यावर यजमान म्हणाले, “पाय बधिर झालेला माणूस घाई करतो, ह्या कामांत घाईसारखा अपराध नाहीं.” बधिर पायांनीं शिडी उतरतांना पडून हाडें मोडणारेही असतात, हेंही त्यांनीं सांगितलें.

आतां आपल्या घरच्यांविषयीं. मुला-मुलींकडे बॉस्टन किंवा टोरॉंटोस हिंवाळ्यांत राहावयास जाणारे वडीलधारे आतां पुष्कळ आहेत, आणि त्यांत मधुमेही थोडे नाहींत. मधुमेहानें पायांची संवेदना मंदावते. मुंग्या व दुखणें हा धोक्याचा इशारा त्यांस मिळतच नाहीं. लोखंडाचा कीस हवेनें गंजून तापतो अशा पुड्या तेथें बुटांत ठेवण्यास मिळतात. बधिर पायास त्यांनीं भाजलें तरी कळत नाहीं. अशांनीं पुड्यांवर विसंबूं नये. कोरडे लोंकरी मोजे व सैल बूट वापरावे, आणि बाहेरून आल्यावर पाय उजेडांत नीट पाहावे. बोट पांढरें व बधिर दिसल्यास तें चोळूं नये, शेकोटीशीं धरूं नये; सदतीस ते एकोणचाळीस अंश उष्णतेच्या कोमट पाण्यांत ठेवावें व वैद्यास बोलवावें. पाण्याची उष्णता मात्र दुसऱ्यानें हात घालून पाहावी.

थंड देशास जाणाऱ्यास आपण स्वेटर विणून देतों, शाल देतों. त्याबरोबर लोंकरी मोज्यांचे दोन जोड द्यावे. एक पायांत घालण्यास, आणि दुसरा पिशवींत कोरडा ठेवण्यास.