कापलेली दोन कडवी

१९९० साली रत्नागिरीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, मधु मंगेश कर्णिक त्याचे अध्यक्ष होते. पुढच्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने कोकण मराठी साहित्य परिषद उभी राहिली. पुण्यामुंबईच्या व्यासपीठापर्यंत ज्याचा हात पोचत नाही, अशा वाडीवस्तीवरच्या लिहिणाऱ्याला आपल्याच मुलखात ऐकणारं कुणी मिळावं, म्हणून तालुक्यातालुक्यांत शाखा निघाल्या. अशाच एका शाखेचा मी बरीच वर्षं कार्यवाह होतो. ज्यांच्यासाठी शाखा होती, त्यांनाच मी दुरावलो.

शाखेचा जीव मासिक बैठकीत असतो. वाचनालयाच्या मागच्या खोलीत आठ-दहा जण जमत. कुणी कविता वाचे, कुणी तिच्यातली सैल ओळ दाखवून देई, मग चहा. याची बातमी होत नसे. शाखेचं संमेलन ठरलं की मी सर्वांत आधी ही बैठक रद्द करायचो. मंडप, जेवणावळ, पाहुण्यांची गाडी, शाली यांत महिने जात. मंडप भरला की शाखा जोरात चालली आहे, असं मी वार्षिक अहवालात लिहायचो आणि तसंच मानायचो.

मालगुंडच्या सहलींतही तेच. केशवसुतांचं ते जन्मगाव, परिषदेने तिथे स्मारक उभारलं. आमची बस मात्र गणपतीपुळ्याला रेंगाळायची. स्मारकात एखादी मुलगी कवितेपुढे थांबली, तर घड्याळ दाखवून तिला बसकडे पिटाळणारा मीच.

सगळ्यांत मोठी चूक संमेलनाच्या स्मरणिकेत झाली. आमचे एक सदस्य एस.टी.त वाहक. ड्यूटी बदलून बैठकीला येत. त्यांनी वस्तीच्या गाडीवर कविता लिहिली होती. शेवटच्या दोन कडव्यांत गाडी मुक्कामाला लागते आणि एक मुलगी एकटी उतरून अंधारात डोंगर चढते. कविता तिच्यासाठीच लिहिलेली होती. पानं जुळवून झाल्यावर एक जाहिरात आली. छापखाना खोळंबला होता. मी ती दोन कडवी काढली. कविता छोटी केली तरी चालते, असं मी स्वतःला सांगितलं. एक फोन करणं जमलं असतं, केला नाही.

प्रकाशनाच्या दिवशी त्यांनी पान उघडलं, वाचलं आणि माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाले, “सर, पोरगी घरी पोचलीच नाही.” मी म्हणालो, “पुढच्या अंकात बघू.” कवितेबद्दल कुणी इतकं नेमकं बोललेलं मी क्वचितच ऐकलं होतं, आणि माझं उत्तर हे. त्यानंतर ते आले नाहीत. त्यांच्या ओळखीने येऊ लागलेल्या दोन शिक्षिकाही हळूहळू थांबल्या. चौकशीही मी फार उशिरा केली.

पुढे डेपोत जाऊन मी त्यांची माफी मागितली. पुढच्या स्मरणिकेत पूर्ण कविता छापली, आधी ती कुणी आणि का कापली होती हेही खाली लिहिलं. मग पद सोडलं. आता बैठक संमेलनाच्या महिन्यातही होते. लेखकाला विचारल्याशिवाय मजकुराला कात्री लावायची नाही, असा ठराव मी मांडला आणि तो इतिवृत्तात नोंदला गेला. वाहक मात्र परतलेले नाहीत. ड्यूटी जुळत नाही, असं ते सांगतात. त्यांचं नाव मी सदस्य-यादीतून काढू दिलेलं नाही.