रब्बीची ओल

परभणीला निसर्ग पाहायला कुणी येत नाही. जिंतूरकडे थोडे डोंगर आहेत, तेही बुटके. बाकी नजर जाईल तिकडे काळं रान. पाऊस संपल्यावर त्यात ज्वारी पेरतात. ती वाढते मातीने पावसाळ्यात पोटात धरलेल्या ओलीवर, आणि वर जे काही दव पडेल त्यावर. नाताळात ज्वारी निसवते तेव्हा वरची माती कोरडी, भेगाळलेली असते आणि खाली मुळं पीत असतात. प्रार्थना मला अशी समजते.

येशू पहाटे उठून एकांतात प्रार्थनेला जाई. कधी डोंगरावर, शेवटच्या रात्री जैतुनाच्या बागेत. दाखलेही त्याने शिवारातलेच दिले. त्यातला पेरणाऱ्याचा दाखला परभणीच्या धुऱ्यावर बसून वाचला, की मी एका ठिकाणी अडतो. काही बी वाटेवर पडतं, काही खडकाळीत, काही काट्यांत. काटे वाढतात नि रोप गुदमरतं. आमच्याकडे काटा मुद्दाम पेरतात. ढोरं शिरू नयेत म्हणून ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी असतात. गालीलातल्या शेतकऱ्याला ही युक्ती कळती, तर दाखल्यातली एक ओळ बदलली असती की काय, कोण जाणे!

रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार पडला तो १८९३ साली, आगगाडीत, एका अनोळखी सहप्रवाशाकडून. त्यांना धरून ठेवलं ते डोंगरावरील प्रवचनाने. पेरणी न करणारी पाखरं आणि सूत न कातणारी रानफुलं त्याच प्रवचनात आहेत. पुढे १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेणाऱ्या या माणसाला मराठीने फुलामुलांचा कवी म्हटलं, यात मला योगायोग दिसत नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. आमच्याकडचं गोदाकाठचं गंगाखेड हे जनाबाईंचं गाव, आणि जनाबाईंचा विठ्ठल तर जात्याशी येऊन बसतो. ख्रिस्ती मनाला इथे एक रेघ सांभाळावी लागते: शेत हे देव नव्हे, देवाच्या हातचं काम आहे. टिळकांनी ती रेघ पुसली नाही. तिच्या कडेने करडईही पेरली नाही.

मात्र देखाव्यावर भुलून केलेल्या स्तुतीचा मला जरा संशय येतो. असिसीच्या फ्रान्सिसने १२२५च्या सुमारास सूर्याला भाऊ म्हणत स्तोत्र रचलं, तेव्हा त्याचे डोळे जवळजवळ गेले होते. उजेड सोसवत नव्हता. पोप फ्रान्सिस यांनी २०१५मध्ये पृथ्वीच्या काळजीपोटी लिहिलेल्या परिपत्राचं नाव त्याच स्तोत्रातून घेतलं.

मराठवाड्याला तर न दिसणाऱ्या पावसाचीच सवय. १९७२च्या मे महिन्यात परभणीत कृषी विद्यापीठ उभं राहिलं आणि त्याच वर्षी पावसाने दगा दिला. अशा वर्षी सृष्टीत कुणाची चाहूल शोधायची? स्तोत्रसंहितेत ६५वं स्तोत्र धान्याने झाकलेल्या खोऱ्यांचं आहे, पण त्याच ग्रंथात देवाशी केलेल्या तक्रारी उदंड आहेत. त्या कुणी गाळल्या नाहीत.

मराठी मंडळ्यांत हंगामाच्या उपकारस्तुतीला लोक कणसं, भोपळे, डाळी, एखादी कोंबडी उपासनेला आणतात. नंतर लिलाव होतो. देवाला वाहिलेला भोपळा बोली लावून घरी न्यायचा आणि त्याची भाजी करायची. पीक गेलेल्या वर्षीही हा दिवस मोडू नये, असं माझं मत आहे. ६५व्याऐवजी २२वं स्तोत्र वाचावं, वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलेलं. मूठभर तूर, कडब्याची एखादी पेंढी, जे हाती लागलं असेल ते मांडावं आणि त्याचाही लिलाव करावा, चढी बोली लावून.