बांधावरचं सरकार

आमच्या लहानपणी सरकार बांधावर यायचं. आता आम्हीच मोबाइल घेऊन बांधावर जातो आणि सरकारला शेत दाखवतो. तेव्हाच्या सरकारला नाव-गाव होतं, काखेत दप्तर होतं, आणि आम्ही त्याला भाऊसाहेब म्हणायचो. आताचं सरकार ओटीपी पाठवतं आणि तो वेळेत टाकला नाही तर पहिल्यापासून सुरुवात करायला लावतं.

शिरूर-घोडनदी ते दौंड या पट्ट्यात वाढलेल्या आमच्या पिढीला तलाठ्याची पीकपाहणी आठवते. रब्बीची ज्वारी छातीला लागली की एखाद्या सकाळी कोतवाल पुढे आणि भाऊसाहेब मागे अशी जोडी पांदीनं यायची. कुणी तरी पळत जाऊन घरी सांगायचं, आणि चुलीवर चहा चढायचा. भाऊसाहेब बांधावर उभे राहून विचारायचे, ‘काय केलंय औंदा?’ प्रश्न एकालाच असला तरी उत्तर चौघं द्यायचे. आजोबा म्हणायचे, दीड एकर ज्वारी. चुलते म्हणायचे, त्यात पाच गुंठे हरभरा धरा. शेजारचा बांधकरी तेवढ्यात येऊन म्हणायचा, विहीर सामायिक आहे, तेही लिहा. भाऊसाहेब ऐकून घ्यायचे आणि कागदावर पेन्सिल चालवायचे. फेरफाराची नोंदही सातबाऱ्यावर आधी पेन्सिलीनंच व्हायची. चावडीवर नोटीस लागायची, हरकतीची मुदत संपायची, सर्कल येऊन सही करायचे आणि मग पेन्सिलीच्या जागी शाई यायची. शाई येईपर्यंत माणसाला बोलता येत होतं.

ही आठवण गोड असली, तरी ती अर्धीच आहे. पुष्कळ वर्षी भाऊसाहेब बांधावर यायचेच नाहीत. गावात कुणाच्या तरी ओसरीवर बसून गेल्या वर्षीचं पीक यंदाच्या रकान्यात उतरवलं जायचं. उसाच्या जागी ज्वारी राहायची आणि मोडून पडलेली बाग कागदावर पाच-पाच वर्षं फळं द्यायची. चहा सगळ्यांचाच घेतला जायचा, पण काम चहापाण्यावर होणार की नुसत्या चहावर, ते माणूस पाहून ठरायचं. पाटलाच्या वाड्यातली वारसनोंद महिन्यात लागायची. गावकुसाबाहेरचा माणूस त्याच नोंदीसाठी तालुक्याच्या एसटीत वर्ष काढायचा. आमच्या आधीच्या पिढीनं तर याहून मोठं पाहिलं होतं. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कूळ जमिनीचं मालक झालं, पण कूळ कोण हे ठरवताना वहीतली नोंद बघितली गेली. ज्याचं नाव पाहणीत आलं, तो जमीनवाला झाला. ज्याचं गाळलं गेलं, तो त्याच जमिनीवर मजूर राहिला. पेन्सिल हातात असलेल्या माणसाची सत्ता एवढी मोठी होती.

आताची पाहणी वेगळी आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पेन्सिल शेतकऱ्याच्याच हातात आली. आपणच गटात उभं राहायचं, आपणच पीक निवडायचं, क्षेत्र भरायचं आणि फोटो काढायचा. सरकार म्हणतं, तुमच्या शेतात काय आहे ते तुम्हीच सांगा. एवढा विश्वास शेतकऱ्यावर कागदोपत्री आजवर कुणी टाकला नव्हता, आणि हे मान्य करायला आम्हाला कसलाच कमीपणा वाटत नाही. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला आणि पंधरा रुपयांत घरबसल्या उतारा हातात पडायला लागला. ज्या कागदासाठी आमच्या वडिलांनी भाऊसाहेबांच्या वेळा सांभाळल्या, सणावाराला घरचा गूळ पोचवला, तो कागद आता कुणाच्या मर्जीवर राहिला नाही.

पण तो फोटो काढताना शेतात आपण एकटेच असतो. शेजारी येत नाही, चुलते बोलत नाहीत, सामायिक विहिरीची आठवण कुणी करून देत नाही. ॲपला फोनच्या जागेवरून कळतं आपण गटात आहोत की नाही, पण ज्वारीत हरभऱ्याचे पाट का टाकलेत, पाण्याची पाळी चुकली म्हणून अर्धं रान पडीक का राहिलं, हे सांगायला तिथं जागा नाही. मुदत संपली की आपल्या हातात काही राहत नाही. ज्याच्याकडे चांगला फोन नाही तो शेजारच्या पोराला बोलावतो, आणि त्या पोराच्या बोटाखाली त्याचं वर्षाचं पीक ठरतं.

विश्वास कागदावर ठेवायचा की माणसावर, हा प्रश्न आमच्या मातीला नवा नाही. शिरूर तालुक्यातल्या करड्याला १८७४ च्या डिसेंबरात काय घडलं ते इथल्या प्रत्येक शाळेत शिकवायला हवं. दीडशे रुपयांच्या कर्जापोटी सावकारानं गावच्या देशमुखावर हुकूमनामा मिळवला आणि घरातून बाहेर काढायला निघाला. गावानं त्या सावकारावर बहिष्कार टाकला. पाण्यापासून हजामतीपर्यंत त्याची सगळी सेवा थांबली. पुढच्या मे महिन्यात, १२ मे १८७५ ला, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची दुकानं आणि घरं फोडली. आजचं दौंडही त्याच भीमथडीत होतं. तिथून हे लोण शिरूर आणि नगरच्या बाजूला गेलं. लोकांना सगळ्यात आधी रोखे हवे होते, खतं हवी होती, आणि हाती पडली की ती त्यांनी जाळली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं रोख्याचं आयुष्य तीन वर्षांचं केलं होतं. कायदा रयतेच्या भल्यासाठी होता, पण सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा करून घेऊ लागला. रयत त्यावर नांगराची निशाणी काढायची, बाई असली तर बांगडीची. वर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. कोर्टात उभं राहिल्यावर साहेब निशाणी बघायचा आणि निकाल द्यायचा. कागद खरा होता, निशाणी खरी होती आणि हिशेब खोटा होता.

त्या दंग्यांनंतर चौकशीचं कमिशन बसलं आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. त्यातली एक तरतूद आम्हाला फार मोलाची वाटते. रोख्यापाशी न थांबता त्यामागच्या व्यवहाराचा पहिल्यापासूनचा हिशेब तपासायचा, असं त्या कायद्यानं न्यायाधीशाला सांगितलं. कागदापलीकडे बघण्याचा अधिकार एका माणसाला दिला, आणि ते त्याचं कामच ठरवलं.

आज निशाणीच्या जागी अंगठा आहे, आणि तोही शाईचा नाही. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं, त्यानंतर थोड्याच वर्षांत रेशनच्या दुकानात मशीन आलं. जुनं रेशन आम्ही पाहिलं आहे. दुकान कधी उघडणार ते दुकानदारालाच ठाऊक, साखर ‘संपली’ असायची आणि मागच्या दारानं जायची, मेलेल्या माणसांच्या नावावर रॉकेल उचललं जायचं. मशीननं त्यातलं बरंच बंद केलं. पण तोच जुना दुकानदार म्हाताऱ्या बाईला ओळखायचा. ऊस तोडून, भाकऱ्या थापून ठसे झिजलेल्या बोटाला मशीन ओळखत नाही. दुकानदार आजही तिला पाहून ‘या मावशी’ म्हणतो, फक्त त्याच्या ओळखण्याला आता किंमत उरलेली नाही.

चावडीचंही तसंच झालं. आमच्या गावात संध्याकाळी दवंडी व्हायची, दुसऱ्या दिवशी चावडीवर माणसं जमायची. वाचणारा वाचायचा, ऐकणारे मध्येच तोडायचे. ‘तो मयत झालाय,’ ‘त्याची पोरं मुंबईला आहेत,’ ‘ती वाट आमची आहे, नव्यानं काढलेली नाही.’ रागानं उठून गेलेला माणूस परत यायचा, कारण आपल्यामागं काय लिहिलं जाईल याची धास्ती असायची. आता फेरफारांच्या नोटिसा ‘आपली चावडी’ नावाच्या संकेतस्थळावर असतात. त्या पुण्यातून दिसतात, दुबईतून दिसतात, आणि हे चांगलंच आहे. पण त्या कुणी मोठ्यानं वाचत नाही.

हस्तलिखित सातबारे संगणकात चढवताना चुका झाल्या, तेव्हा सरकारलाही हे उमगलं होतं. आण्याच्या हिश्शांचं गणित बिघडलं, सामायिक खात्यातली नावं गळाली, कुणाचं क्षेत्र वाढलं, कुणाचं घटलं. म्हणून २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगाव चावडी वाचन ठेवलं गेलं. संगणकातून काढलेले उतारे लोकांसमोर वाचायचे आणि चूक असेल तर ती तिथंच सांगायची. नव्या यंत्राची खात्री पटवायला सरकार जुन्या दगडी चावडीवर आलं होतं. जिथं माणसं जमली, तिथं चुका सापडल्या. जिथं वाचन कागदोपत्रीच उरकलं गेलं, तिथली माणसं अजून महसूल कायद्याच्या कलम १५५ च्या दुरुस्तीसाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवताहेत.

२०२३ मध्ये तर आमच्या कांदेवाल्यांनी हे पुरतं अनुभवलं. भाव पडले, सरकारनं क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, आणि अट घातली की सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीतली कांद्याची नोंद हवी. शिरूर-दौंडच्या वखारीत आणि बाजार समितीच्या पट्ट्यांवर कांदा होता, पण अनेकांच्या उताऱ्यावर तो नव्हता. पट्टी खरी, आडतीचा शिक्का खरा, आणि तरी शेतकरी खोटा ठरत होता. ओरड झाल्यावर अट सैल झाली. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांच्या गावपातळीवरच्या समितीनं खात्री करून द्यायची असं ठरलं. म्हणजे पुन्हा तीन माणसं, पुन्हा गाव, पुन्हा शेजाऱ्यांना विचारणं. १८७९ च्या न्यायाधीशाला जे सांगितलं गेलं होतं, तेच या तिघांना सांगितलं गेलं. फरक इतकाच, की तेव्हा तो कायदा होता आणि आता ती ओरडीनंतर दिलेली सवलत होती.

यंत्राचा आम्हाला राग नाही. शिरूर तालुक्यातल्याच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली पोरं तिथं वेल्डिंग, वायरिंग, जमिनीची मोजणी शिकली, आणि पुढं एमआयटीच्या मदतीनं तिथं फॅब लॅबही उभी राहिली. त्या पोरांच्या हातात यंत्र उघडं असायचं. बिघडलं तर खोलायचं, समजलं तर बदलायचं. आमच्या सातबाऱ्याचं यंत्र बंद डब्यातलं आहे. त्यात चूक झाली तर ती कुठं झाली हे आम्हाला दिसत नाही, आणि पुष्कळदा आता ग्राम महसूल अधिकारी म्हणवल्या जाणाऱ्या आमच्या भाऊसाहेबांनाही दिसत नाही. तेही आमच्यासारखेच सर्व्हर सुरू होण्याची वाट बघत बसलेले असतात. आम्ही एकाच बाकावर बसतो, आणि रागवायचं कुणावर ते दोघांनाही कळत नाही.

या सगळ्या आठवणींवर आम्ही मात्र पुरता विश्वास ठेवत नाही, आणि त्याचं कारण आमच्या बहिणी आहेत. ज्या चावडीसाठी आम्ही हळहळतो, तिथं त्या कधी बसल्या नाहीत. वडील गेल्यावर वारसनोंदीसाठी त्यांना माहेरी बोलावलं जायचं, साडी दिली जायची, पुरणपोळी व्हायची आणि जेवणानंतर हक्कसोडीच्या कागदावर सही घेतली जायची. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं लेकींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला, २००५ मध्ये देशानं दिला, तरी ती साडी आणि तो कागद चालूच राहिला. मागितला तर माहेर तुटेल, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. बांधावर बोलणारे जे चौघं होते, ते चौघंही पुरुष होते. आज हडपसरच्या सोसायटीत राहणारी बहीण रात्री फोनवर गट नंबर टाकते आणि बापाच्या उताऱ्यावर आपलं नाव आहे की नाही ते स्वतः बघते. त्यासाठी तिला भावाला विचारावं लागत नाही, भाऊसाहेबांनाही विचारावं लागत नाही. जुन्या बांधावरचं सरकार तिला परत नको आहे, आणि तिच्यासमोर त्याचे गोडवे गायला आमची जीभ रेटत नाही.

तरी एक मागणी आम्ही करतो. वर्षातून एक दिवस ठरवा. त्या दिवशी भाऊसाहेबांनी लॅपटॉप घेऊन चावडीवर यावं आणि गावातली प्रत्येक नोंद मोठ्यानं वाचावी. त्याची नोटीस सासरी गेलेल्या लेकींनाही त्यांच्या पत्त्यावर जावी आणि त्यांना येण्याजाण्याचं एसटीचं भाडं मिळावं. हरकत असेल त्यानं, आणि तिनं, उभं राहून सांगावी. ती ऐकून, शेतावर जाऊन, शेजाऱ्यांना विचारून उतारा तिथंच दुरुस्त करण्याचा अधिकार भाऊसाहेबांना कायद्यानं असावा, आणि त्या दुरुस्तीखाली कारण आणि त्यांचं पूर्ण नाव लिहिलेलं असावं.