सिस्टरांची वरई

जव्हारची बदली म्हणजे शिक्षा, असं सरकारी नोकरीत उघड बोललं जातं. आमच्या शेजारच्या सिस्टर मिरजेहून अशाच आल्या, आणि पतंगशाह कुटीर रुग्णालयातून निवृत्त झाल्यावरही इथेच राहिल्या. त्यांचं आमच्यावर मोठं ऋण आहे.

बाबांचा उजवा पाय मधुमेहाने गेला. नाशिकला गुडघ्याखाली कापला. जखम भरत आली, पण नसलेली बोटं रात्रभर जळायची, मुरगळायची. ट्रामाडॉलने गुंगी यायची, पोट साफ होईना, आग मात्र तशीच. मोखाड्याहून आलेल्या चुलत्यांनी भगताचं नाव काढलं. त्यांना नावं ठेवायला मी तरी कोण? नसलेला पाय दुखतो, हे मलाच पटत नव्हतं.

सिस्टरांना ते नवं नव्हतं. कापलेल्या नसांची टोकं उगाच संदेश पाठवत राहतात, मेंदू ते पायाचेच समजतो, असं त्यांनी बाबांच्या खाटेवर बसून सांगितलं. अमेरिकेत यादवी युद्धानंतर वीर मिचेल नावाच्या डॉक्टरने हेच दुखणं हात-पाय गमावलेल्या सैनिकांत पाहिलं होतं. बाबांच्या डॉक्टरांनी गॅबापेंटिन लिहून दिलं. मी कागद वाचला: आकडीचं औषध, अमेरिकेत १९९३ साली त्यासाठीच मंजूर झालेलं. बाबा भडकले, "मला काय आकडी येते?"

"नसा येड्यासारख्या उडतात ना, त्यांना आवरायचंय," सिस्टर म्हणाल्या. हे औषध गुंगी आणून दुखणं झाकत नाही; नसेत कॅल्शियम शिरायची वाट आवरतं, म्हणून फाजील संदेश कमी होतात. सगळ्यांना लागू पडतंच असं नाही, हेही त्यांनी आधीच सांगितलं. ऑपरेशनच्या आधी सरसकट दिलं तर फारसा उपयोग होत नाही, असं पुढे संशोधनातही दिसलं. दुखणं नसेचं आहे का, हे ओळखणं महत्त्वाचं.

सिस्टरांनी पहिली चौकशी केली ती क्रिएटिनिनची, कारण हे औषध मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं. डॉक्टरांनी त्याप्रमाणे डोस कमी केला आणि हळूहळू वाढवायला सांगितलं. चक्कर येते, म्हणून बाबांनी उठण्याआधी खाटेच्या काठावर थांबायचं. आहे तो एकच पाय. मोहाची दारू बंद. आणि बरं वाटलं म्हणून गोळी एकदम सोडायची नाही. मोहावरून दोघांचं जोरात वाजलं, बाकी सगळं बाबांनी निमूट ऐकलं.

दुखणं गेलं नाही, पण बाबा झोपू लागले. आम्हीही.

त्या वर्षी आवणीला बाबा खाटेवरून हुकूम सोडत होते. दिवाळीनंतर त्यांनी सिस्टरांकडे वरईचं पोतं धाडलं. सिस्टरांनी ते तोलून बाजारभावाने पैसे पाठवले. बाबा काठ्या घेऊन तडक त्यांच्या दारात. "हिशोब मिटवता काय, सिस्टर?"

"मिटवते कुठे? पुढच्या वर्षीही हवी, म्हणून देते."

पुढच्या वर्षी बाबांनी भाव वाढवून सांगितला.